एकच पडदा, एकच उजेड: सीमाभागातल्या कलावंतांची पोर्ट्रेट काढताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कर्नाटकातल्या निपाणीजवळ लग्नाची आणि पासपोर्ट फोटोंची कामं करणाऱ्या एका छायाचित्रकाराला महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी कलावंतांची पोर्ट्रेट मालिका करायची आहे: शाहीर, भजनी, हलगीवादक, जोगती (यल्लम्मा देवीला वाहिलेल्या), हौशी नाटकवाले. हाताशी 24 मेगापिक्सेलचा क्रॉप (लहान आकाराच्या) सेन्सरचा कॅमेरा, 50 मिमी एफ 1.8 लेन्स आणि एक फ्लॅश आहे. हे काम दडपशाहीला उत्तर म्हणून उभं राहावं, पण फोटोतल्या माणसाला त्याचा ताप होऊ नये, हे कसं जमवायचं?

'उत्तर' कशाला म्हणायचं ते आधी ठरवा. कॅमेरा किती उंचीवर ठेवायचा, मागे कापड कोणतं लावायचं, खाली ओळ काय लिहायची, हे सगळं त्यावरून ठरतं. छायाचित्रण स्वतः बराच काळ दडपणाऱ्यांच्या बाजूने राबलेलं आहे. 1868 ते 1875 या काळात लंडनमध्ये 'द पीपल ऑफ इंडिया' ही आठ खंडांची मालिका निघाली. हिंदुस्थानातल्या जातीजमातींचे फोटो त्यात आहेत. बहुतेक फोटोंखाली माणसाचं नाव नाही. जमातीचं नाव आणि तिच्या स्वभावाबद्दल शेरे आहेत. त्याच सुमारास, 1871 मध्ये, गुन्हेगार जमातींचा कायदा आला आणि अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या गेल्या. तो शिक्का कायद्याने पुसला गेला 31 ऑगस्ट 1952 ला. तुमच्या मालिकेत भटक्या-विमुक्तांमधले वादक असतील, तर भिंतीला टेकवून समोरून फोटो काढणं ही त्यांच्या घरात साधी गोष्ट नसू शकते.

या फोटोंना उत्तर देणारी दुसरी परंपराही तितकीच जुनी आहे. गुलामीतून निसटलेले फ्रेडरिक डग्लस हे एकोणिसाव्या शतकातले सर्वाधिक छायाचित्रं निघालेले अमेरिकन मानले जातात. त्यांची सुमारे 160 वेगवेगळी छायाचित्रं आज माहीत आहेत. ते जवळपास कधीच हसत नाहीत. काळ्या माणसाला दात विचकणारा खुळा म्हणून रंगवणाऱ्या व्यंगचित्रांना ते त्यांचं ठरवून दिलेलं उत्तर होतं. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात कृष्णवर्णीय समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या 363 छायाचित्रांचे अल्बम मांडले. त्यातली माणसं ताठ बसलेली, नीटनेटकी, पण नावं मात्र नाहीत; हा त्या कामातला उणेपणाच. दक्षिण आफ्रिकेत छायाचित्रकार झनेले मुहोली यांनी 2006 पासून कृष्णवर्णीय समलिंगी स्त्रिया आणि ट्रान्स व्यक्तींची पोर्ट्रेट काढायला घेतली. प्रत्येक फोटोसोबत नाव, ठिकाण, साल. नजर थेट कॅमेऱ्यात.

आपल्याकडचं उदाहरण तर घराघरात टांगलेलं आहे. 1925 साली निपाणीत मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली तेव्हा डॉ. आंबेडकर तिथे आले होते. या पट्ट्यातल्या दलित वस्त्यांमध्ये भिंतीवर कोटातले बाबासाहेब दिसतात. कपडा, बसण्याची ढब आणि नजर यांनी माणूस काय म्हणू शकतो हे त्या एका फोटोवरून तुमच्या हलगीवादकाला कोणत्याही कार्यशाळेपेक्षा चांगलं कळतं. त्याला फोटोसाठी 'पारंपरिक वेश' घालायला लावण्याआधी हे आठवा.

माझं मत स्पष्ट सांगतो: दडपशाहीचं चित्र काढायला जाऊ नका, कलावंताचं काढा. काठी, बंद पडलेली शाळा, पुसलेला फलक हे बातमीचे फोटो आहेत, त्यांची जागा वेगळी. पोर्ट्रेटचं काम एवढंच की हा माणूस आहे, याचं नाव हे, याची विद्या ही, आणि तो तुमच्याकडे बरोबरीने बघतोय.

आता अल्पसंख्य कोण? कर्नाटकात मराठी माणूस भाषिक अल्पसंख्य आहे, आणि 1956 पासून सीमाभागातला वाद काय आहे ते वाचकांना सांगायला नको. पण त्या मराठी माणसांतही हलगी वाजवणारा वेगळ्या रांगेत बसतो, जोगती आणखी वेगळ्या. शास्त्रीय गायकाला गावात 'बुवा' म्हणतात आणि हलगीवादकाला एकेरी हाक मारतात. मालिका फक्त भाषेच्या प्रश्नावर उभी केलीत तर ही दुसरी दडपणूक तुमच्याच फोटोत झाकली जाईल. शिवाय अनेक कलावंत दोन्ही भाषांत गातात. कुमार गंधर्व 1924 साली बेळगावजवळच्या सुळेभावीत कन्नड घरात जन्मले आणि मराठी रसिकांनी त्यांना आपलं मानलं. दोन भाषांतल्या कलावंताला फोटोसाठी एक भाषा निवडायला लावू नका.

म्हणून मालिकेचा कणा मी असा ठेवीन: सगळ्यांना तेच कापड, त्याच बाजूने येणारा उजेड, तेच अंतर, त्याच आकाराचा प्रिंट. शाहीर, बुवा, जोगती, हलगीवादक, सगळे. ही समानता शब्दांत सांगावी लागत नाही, भिंतीवर ओळीने लावल्यावर दिसते.

कापड राखाडी किंवा मातकट घ्या, 8 फूट बाय 10 फूट, बिनचमकीचं, जाडसर सुती. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांकडे साधं कापड मिळालं तर उत्तम, नाहीतर बाजारातलं मांजरपाट गडद चहाच्या पाण्यात रंगवलं तरी चालतं. काळी घोंगडी दिसायला देखणी, पण काळे केस आणि सावळा खांदा तिच्यात विरघळतात. वापरायचीच तर माणूस घोंगडीच्या किमान 4 फूट पुढे बसवा आणि मागच्या बाजूने थोडा उजेड खांद्यावर येऊ द्या. भगवं कापड नको आणि लाल-पिवळंही नको. भगवा मराठी बाजूचा, लाल-पिवळा कन्नड झेंड्याचा; इथे हे रंग नुसते रंग राहत नाहीत. मागच्या भिंतीवरचा झेंडा, कमान, गावाच्या नावाचा फलक यांचंही तसंच. 2014 साली येळ्ळूर गावातला 'महाराष्ट्र राज्य' फलक प्रशासनाने हटवला आणि गावकऱ्यांवर पोलिसांचा लाठीमार झाला. कलावंताला स्वतःहून तो झेंडा हवा असेल तर तो त्याचा निर्णय. तुम्ही 'फोटोला जोर येईल' म्हणून तो मागे घेऊ नका, कारण परिणाम त्याला भोगावे लागतील, तुम्हाला नाही.

उजेडासाठी गावातल्या घराचा सोपा (ओसरी) ही सर्वांत चांगली जागा. वर छप्पर, समोर मोकळं आकाश. सकाळी 9 ते 11 आणि दुपारी साडेतीन ते साडेपाच. माणूस छपराच्या कडेपासून 2-3 फूट आत बसवा, शरीर उजेडाला 45 अंशात, चेहरा थोडा उजेडाकडे. कडेच्या बाहेर बसवलं तर डोळ्यांच्या खोबणीत काळोख होतो, फार आत नेलं तर उजेड मंद पडून चेहरा निस्तेज दिसतो. सावलीच्या बाजूला पांढरं थर्मोकोल 2-3 फुटांवर धरा. चेहरा जास्त रेखीव हवा असेल तर त्याच जागी काळं कापड धरा.

खाली जमीन काय आहे तेही बघा. खानापूरकडच्या तांबड्या मातीवरून उसळणारा उजेड हनुवटीखाली तांबूस छटा देतो. निपाणी-चिकोडीकडच्या काळ्या मातीवर किंवा सारवलेल्या जमिनीवर उलट होतं. खालून काहीच उजेड येत नाही आणि हनुवटीखालची सावली खोल जाते. दोन्हीवर इलाज एकच, पायाशी पांढरी चादर अंथरा, फ्रेमबाहेर. निळ्या-हिरव्या रंगाच्या भिंती तर आपल्याकडे घरोघरी. माणूस अशा भिंतीपासून 2 फुटांवर बसला की गालावर हिरवट झाक येते आणि ती नंतर संगणकावर काढायला गेलं तर ओठांचा रंग जातो. भिंतीवरही चादर टाका. निळ्या ताडपत्रीच्या मांडवाखाली पोर्ट्रेट काढायचं सरळ टाळा.

घरातले एलईडी दिवे बंद करायला सांगा. खिडकीचा उजेड आणि स्वस्त एलईडी एकत्र आले की चेहऱ्याची एक बाजू निळसर, दुसरी हिरवट-पिवळी होते. फक्त दिव्यावरच काढायची वेळ आली तर शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवा, नाहीतर वीजपुरवठ्याच्या 50 हर्ट्झमुळे फोटोवर आडवे पट्टे येतात.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या छटेनुसार रंग जुळवणारी सोय, ऑटोवर ठेवू नका. यल्लम्माच्या भक्तांच्या कपाळावर, गळ्यावर भंडारा असतो. ऑटो व्हाइट बॅलन्स त्या पिवळ्याला 'चूक' समजून सगळं चित्र निळ्याकडे ढकलतं आणि त्वचा राखाडी, आजारी दिसते. जागा ठरली की राखाडी कार्डाचा एक फोटो घेऊन कस्टम व्हाइट बॅलन्स करा, उजेड बदलला की पुन्हा. फाइल रॉ मध्येच, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची.

आता त्वचेचं एक्स्पोजर. सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो, आणि अन्यायही इथेच होतो. कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतो. सावळा माणूस, पांढरा फेटा, पांढरं धोतर असेल तर मीटर पांढऱ्याला घाबरून फोटो काळवंडवतो आणि चेहऱ्यातला तपशील जातो. काळ्या कापडासमोर तोच मीटर चेहरा फिका करतो. म्हणून स्पॉट मीटरने (तो चौकटीतला एक छोटा ठिपकाच मोजतो) उजेडाच्या बाजूच्या गालावर मोजा. मध्यम गहू वर्ण असेल तर मीटर सांगेल तेच. गडद वर्ण असेल तर त्याहून 2/3 ते 1 स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). गोऱ्या वर्णाला 2/3 ते 1 स्टॉप जास्त. नंतर मॅन्युअलवर तेच कायम ठेवा. फेटा जळतोय असा इशारा दिसला तर एक्स्पोजर कमी करू नका. फेट्यावर पडणारा उजेड वरून काळ्या पुठ्ठ्याने अडवा किंवा माणसाचं तोंड उजेडापासून थोडं वळवा.

गडद त्वचेचा आकार सावलीपेक्षा चकाकीतून उमटतो. गालाच्या हाडावरची, कपाळावरची मोठी मऊ चमक तिला घडण देते. ती पावडरने पूर्ण पुसली की चेहरा चपटा दिसतो. घामाचे बारीक थेंब टिपा, चमक राहू द्या. आणि चेहरा 'उजळवणं' हा लग्नाच्या अल्बममधला हात इथे आवरायला हवा. फोनमधलं ब्यूटी फिल्टर, एडिटिंगमधली स्किन स्मूथ, दोन्ही बंद. त्याच्या उलटची चूकही तितकीच वाईट: कृष्णधवल करून क्लॅरिटी +60 वर नेऊन सुरकुत्या खणून काढणं. कष्टाचं सौंदर्य म्हणून हे फोटो पारितोषिकं मिळवतात, पण साठीच्या गोंधळ्याला ते दाखवलं की तो म्हणतो, 'मी एवढा म्हातारा झालो का?' त्याचं बरोबर असतं. वर्ण बरोबर आला की नाही याची साधी परीक्षा म्हणजे प्रिंट हातात देऊन त्याच माणसाचा हात प्रिंटमधल्या हाताशेजारी सावलीत ठेवून बघणं.

लेन्सचं गणित. क्रॉप सेन्सरवर 50 मिमी म्हणजे जवळपास 75 मिमीचा कोन, पोर्ट्रेटला योग्य. 2 मीटर अंतरावरून उभ्या फ्रेममध्ये साधारण 94 सेंमी उंची आणि 62 सेंमी रुंदी मावते, म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत आणि हातातलं वाद्य. उभा माणूस पायापर्यंत घ्यायला साडेचार मीटर मागे जावं लागतं, आणि तेवढी खोली कुणाच्या घरात नसते. म्हणून लोक 18-55 ची लेन्स 18 वर नेतात, जवळून काढतात, आणि नाक मोठं, पाय बारीक असा फोटो येतो. बसलेलंच काढा.

एफ 1.8 चा मोह टाळा. एफचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडी आणि फोकसमध्ये राहणारी जाडी कमी. 2 मीटरवर एफ 1.8 ला फोकसची जाडी फक्त 11-12 सेंमी असते, एफ 5.6 ला सुमारे 35 सेंमी, एफ 8 ला अर्धा मीटर. त्यातला निम्म्याहून थोडा कमी भाग डोळ्यांच्या पुढे येतो. हलगी छातीपुढे 20 सेंमीवर धरलेली असते. एफ 1.8 ला डोळा कडक आणि हलगी धूसर. म्हणजे कलावंताच्या फोटोतून कलाच गायब. एफ 8 ठेवा, फोकस जवळच्या डोळ्यावर. सोप्यातल्या उजेडात त्यासाठी आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) 800 ते 1600 लागेल, शटर 1/125 च्या खाली नको. फोनवर काढणाऱ्यांनी पोर्ट्रेट मोड बंद करावा. तो मोड तुणतुण्याची तार, चौंडक्याची (जोगत्यांच्या एकतारी वाद्याची) तार, हलगीची काडी पार्श्वभूमी समजून पुसतो.

फ्लॅश लागेलच, विशेषतः जून ते सप्टेंबर, खानापूर भागात दिवसाही अंधारून येतं तेव्हा. 40 इंची पांढरी छत्री, माणसापासून 4 फुटांवर, डोळ्यांच्या रेषेच्या थोडी वर, 45 अंशात. आयएसओ 400, एफ 8, शटर 1/125, फ्लॅश 1/8 वर ठेवून सुरुवात करा आणि तिथून कमीजास्त. रिचार्जेबल सेलचे दोन संच जवळ हवेत. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाका, कापडी बॅगेत महिनाभर ठेवू नका.

वाद्यांबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे बाहेरचे लोक फसतात. हलगीचं कातडं वाजवण्याआधी आगीवर तापवतात, ओल धरलेलं कातडं बोलत नाही. तापवण्याची ती दहा मिनिटं पोर्ट्रेटला फार चांगली. माणूस कामात असतो, कॅमेऱ्याचं भान सुटतं. आगीचा उजेड खूप लाल असतो, तेव्हा व्हाइट बॅलन्स 2500 केल्विनच्या आसपास ठेवा, थोडी लाली राहू द्या. प्रत्यक्ष वाजवताना हात गोठवायचा तर 1/500, काडीची हालचाल दिसू द्यायची तर 1/60. संबळाला दोन भांडी असतात, त्याचा फोटो वरून काढला की ती तबल्यासारखी दिसतात. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणा. वाद्य जुळवूनच फोटोला बसू द्या. सैल तारेचं तुणतुणं छातीशी धरून बसलेला फोटो जाणकार लगेच ओळखतो आणि हसतो, आणि ते हसू कलावंताच्या वाट्याला येतं.

काही वाद्यं फोटोत असावीतच असं धरू नका. हलगी कित्येक घरांवर जातीचं काम म्हणून लादली गेली होती, आणि आंबेडकरी चळवळीत अनेकांनी ती ठरवून खाली ठेवली. कुणाला ती अभिमानाने हातात हवी असते, कुणाच्या मुलाला ती फोटोत नकोच असते. दोन्ही बरोबर. प्रत्येकाचे तीन प्रकारचे फोटो काढा: वाद्यासह, फक्त हात, आणि वाद्याशिवाय. कोणता भिंतीवर जाईल ते तो सांगेल.

जोगतींच्या बाबतीत आणखी जपायला हवं. देवीचा जग, म्हणजे डोक्यावर वाहतात ती देवीची मूर्ती बसवलेली टोपली, ही नुसती वस्तू नाही. तो कोण उचलणार, कुठे ठेवणार, फोटोसाठी डोक्यावर घ्यायचा की नाही, हे त्याच सांगतील. 'जरा डावीकडे सरकवा' असं हात लावून करू नका. जोगप्पांना (देवीला वाहिलेल्या, बाईच्या वेशात राहणाऱ्या पुरुष वा ट्रान्स व्यक्तींना) कोणत्या नावाने, स्त्रीलिंगी की पुल्लिंगी, संबोधायचं ते विचारा आणि फोटोखालच्या ओळीतही तेच पाळा. देवदासी वाहण्याला कर्नाटकात 1982 च्या कायद्याने बंदी आली, तेव्हा वाहिल्याची खूण असलेली गळ्यातली मण्यांची माळ फोटोत ठळक आली की त्या बाईची आणि तिच्या मुलांची ओळख गावाबाहेरही उघड होते. मुलीचं लग्न, मुलाची नोकरी अशा ठिकाणी ते नडू शकतं. माळ फोटोत हवी का हा प्रश्न काढण्याआधी विचारायचा, नंतर नाही. आणि सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेत पोर्ट्रेट काढू नका. गर्दीत कुणी खरी परवानगी देऊ शकत नाही.

परवानगी म्हणजे सही नव्हे. फोटो कुठवर जाईल याच्या पायऱ्या सांगा आणि प्रत्येक पायरीला वेगळं हो किंवा नाही घ्या: घरात ठेवायला, गावातल्या प्रदर्शनात, बेळगावसारख्या शहरातल्या प्रदर्शनात, वर्तमानपत्रात, इंटरनेटवर, कोणत्याही संघटनेच्या किंवा पक्षाच्या कामासाठी. शेवटच्या पायरीला मालिकेतल्या सगळ्यांसाठीच 'नाही' ठेवा असा माझा आग्रह आहे. कागद एका पानाचा, एका बाजूला मराठी, मागे कन्नड. मोठ्याने वाचून दाखवा, एक मिनिटाचं बोलणं फोनवर ध्वनिमुद्रित करा, एक प्रत त्यांच्याकडे सोडा. फोटो दाखवल्यानंतर महिनाभर काहीही प्रसिद्ध करू नका, कारण नकार बहुधा घरच्यांशी बोलल्यावर येतो. चेहरा नको म्हणणाऱ्याचा पाठमोरा, अंधारलेला फोटो काढण्याची फॅशन आहे. मला ती पटत नाही. असा फोटो माणसाला आरोपीसारखा दाखवतो. फक्त हात घ्या, किंवा काढूच नका.

बैठकीला बिदागी द्या. त्यांचा दिवस जातो. सुपारी घेऊन वाजवणाऱ्याला त्याच्या नेहमीच्या सुपारीच्या हिशेबानेच विचारा, घासाघीस नको. शिवाय 8 बाय 12 इंचाचा एक चांगला प्रिंट. तासाभराच्या बैठकीत पहिली पंधरा मिनिटं कॅमेरा बॅगेतच असू द्या.

तारखा बघून काम करा. 1 नोव्हेंबर, म्हणजे एका बाजूला कर्नाटकाचा राज्योत्सव आणि दुसऱ्या बाजूला मराठी भाषकांचा काळा दिवस, 17 जानेवारीचा सीमालढ्यातला हुतात्मा दिन, 1 जूनचा कन्नड सक्तीविरोधी आंदोलनातल्या हुतात्म्यांचा दिवस, आणि डिसेंबरमध्ये बेळगावात विधिमंडळाचं अधिवेशन आणि त्याविरोधातला मराठी भाषकांचा महामेळावा असतो ते दिवस: या काळात ट्रायपॉड घेऊन गावात फिरलात तर तुम्हाला वार्ताहर समजतील, आणि ज्याच्या घरी गेलात त्याला कार्यकर्ता. फोटो त्या दिवसाचा म्हणूनच वाचला जाईल, माणसाचा म्हणून नाही.

पैसा कुणाचा यावरही लक्ष हवं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार कुणी मोबदला देऊन फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. एखाद्या संस्थेने खर्च उचलला आणि तुम्ही काही लिहून घेतलं नाही, तर तुमची जोगती पुढच्या निवडणुकीत फ्लेक्सवर झळकू शकते आणि तुम्हाला तोंड उघडता येणार नाही. हक्क छायाचित्रकाराकडे आणि पक्षीय वापर बंद, या दोन ओळी लेखी घ्या, मगच पैसे.

फाइलींच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावात. 2012 मध्ये मुहोली यांच्या केपटाउनमधल्या घरातून हार्ड डिस्क चोरीला गेल्या आणि कित्येक वर्षांचं काम गेलं. फोनवरून काढलेल्या फोटोंतलं जीपीएस ठिकाण काढून टाका. इंटरनेटची परवानगी नसलेल्यांचं नाव फाइलच्या आतल्या माहितीतही लिहू नका.

फोटोखालची ओळ. डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित आईचा फोटो जगभर छापला गेला. त्या बाईंचं नाव, फ्लोरेन्स ओवेन्स थॉम्पसन, लोकांना कळलं 1978 मध्ये. त्या फोटोतून आपल्याला एक पैही मिळाली नाही, ही त्यांची तक्रार होती. म्हणून 'हलगीवाला, खानापूर तालुका' हे चालणार नाही. पूर्ण नाव, कला, कुणाकडून शिकले, गाव, साल, याच क्रमाने, आणि बुवांना आदरार्थी तर हलगीवादकालाही आदरार्थी. गाव कसं लिहायचं, बेळगाव की बेळगावी, ते ज्याचा फोटो त्याला विचारा. मराठी आणि कन्नड ओळी एकाच आकाराच्या अक्षरांत. कन्नड मजकूर यंत्राकडून करून घेऊ नका; आडनावांची वाट लागते. कन्नड शिकवणाऱ्या कुणाकडून तपासून घ्या. कन्नड वाचणारा शेजारी हे फोटो बघायला येईल, आणि तो यावा अशीच मांडणी असावी.

प्रिंट 12 बाय 18 इंच, मॅट कागदावर. 24 मेगापिक्सेलची फाइल या आकाराला 300 डीपीआयपेक्षा थोडी जास्तच पुरते. लॅबवाल्याला 'ऑटो करेक्शन बंद ठेवा' असं स्वतः उभं राहून सांगा, नाहीतर मशीन सगळे चेहरे उजळवून टाकतं आणि तुमची गालावर मोजण्याची सगळी मेहनत वाया जाते. आधी एक प्रिंट काढा, दिवसाच्या उजेडात बघा, मग बाकीचे. ग्लॉसी लॅमिनेशन नको, दिवे चमकतात. सनबोर्ड 5 मिमीचा घ्या, मागे लाकडी पट्टी मारा, पावसाळी हवेत तो वाकतो. फ्लेक्स मात्र अजिबात नको. आपल्याकडे फ्लेक्स म्हणजे वाढदिवसाच्या शुभेच्छा.

बेळगावला व्यक्तिचित्रांची चांगली नजर आहे, के. बी. कुलकर्णींसारख्या चित्रकारांनी ती घडवली. म्हणून शहरात कलादालनात लावाच. पण पहिलं प्रदर्शन गावात करा. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात, तिथल्या शाळेचा वर्ग किंवा देवळाचा सभामंडप पुरतो. चित्राचा मध्य जमिनीपासून 145 सेंमीवर. म्हाताऱ्या बायका खाली बसून बघणार असतील तर 120 वर आणा. मालिकेत सुरुवातीला आठ-दहा माणसं पुरेत, त्यांतली निम्मी तरी अशी हवीत ज्यांना गावात स्टेजवर नावाने बोलावत नाहीत.

वर्तमानपत्रांकडून मागणी आली तर लांब बाजू 2000 पिक्सेलची जेपीईजी फाइल द्या, सोबत फोटोखालची ओळ लिहून. ओळ जशीच्या तशी छापायची, नाव गाळायचं नाही, बातमी कोणत्या विषयाची आहे ते आधी कळवायचं, हे कबूल करून घ्या. 1 नोव्हेंबरच्या पुरवणीत 'प्रातिनिधिक छायाचित्र' म्हणून हवा असेल तर देऊ नका.